येऊन राहिलेल्या जाऊबाई

रविवारी सकाळी सहाला आमच्या मैदानावर जी मंडळी जमतात, ती स्वतःला धावपटू म्हणवून घ्यायला तयार नसतात. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातले दोन कामगार पाच किलोमीटर बावीस-तेवीस मिनिटांत संपवतात, ते सोडा. बाकीचे थोडं धावतात, बरंच चालतात, मध्येच फोन घेतात. फी नाही, बक्षीस नाही. यादी मात्र आहे आणि ती माझ्याकडे असते. नाव, निघाले, आले, असे तीन रकाने. रस्त्यात कोणी राहून जाऊ नये, एवढंच तिचं काम.

आणखी एक नियम आम्ही पाळतो. दर रविवारी एक जण मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो, म्हणजे आलेल्यांपैकी कोणीच शेवटचा ठरत नाही. हीच सोय सांगून मी माझ्या मोठ्या जाऊबाईंना तयार केलं.

माझे मोठे दीर निवृत्त झाले आणि दोघं अकोल्याहून राजापेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. अकोल्यात जाऊबाई कोथिंबीर आणायला निघाल्या, की परतायला दीड तास लागायचा, इतक्या त्यांच्या ओळखी. इथे आठ महिन्यांत ओळख झाली ती दूधवाल्याशी आणि खालच्या शिकवणी वर्गापुढे आडव्यातिडव्या लागणाऱ्या गाड्यांशी, तीही भांडणापुरती. त्या बोलून दाखवायच्या नाहीत. पण दर पंधरा दिवसांनी अकोल्याला जायचं काहीतरी निमित्त निघायचं आणि परत आल्या की दोन दिवस जेवणात लक्ष नसायचं. त्यांना इथे स्वतःची चार माणसं मिळावीत, असं मला फार वाटत होतं. माझ्या कामांच्या वहीत मी ते लिहूनही ठेवलं होतं: गॅसचा नंबर लावणे, पंखा दुरुस्ती, ताईंना माणसं.

त्यांची अट स्पष्ट होती. "एकडाव येतो. लोक माह्यासाठी ताटकळले, नाहीतर हासले, तं पुन्हा मले म्हणू नोको."

त्या रविवारी मागून चालायची पाळी एका वकीलसाहेबांची होती. लिंबूपाणी बघणाऱ्या बाई लग्नाला गेल्या होत्या म्हणून ते काम मी घेतलं आणि यादी दुसऱ्या एका बाईंकडे दिली. या पुण्याहून बँकेत बदलून आलेल्या, वयाने तिशीच्या आत-बाहेर. त्यांचा आमच्यात तिसराच रविवार होता. काम चोख, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

सव्वासातला मी पलीकडच्या गाड्यावर सगळ्यांसाठी दह्यातल्या गिलावड्याची ऑर्डर द्यायला गेले. परत आले तेव्हा 'आले' हा रकाना पूर्ण भरला होता. मी म्हटलं, चला, आवरा. शेवटच्या रेषेवरचा कापडी फलक उतरवला, प्लास्टिकचे कोन गोळा केले, मंडळी गाड्याकडे वळली. मग मी जाऊबाईंना शोधायला लागले. नळाशी नाहीत, कडुलिंबाखाली नाहीत.

"त्या मघाशीच आल्या," पुण्याच्या बाईंनी यादीवर बोट ठेवलं. "वकीलसाहेबच म्हणाले, त्या येऊन राहिल्या. म्हणजे आल्या आणि इथेच कुठेतरी थांबल्यात."

क्षणभर मलाही ते पटलं, कारण समोर कागदावर टिक होती. मग डोक्यात उजेड पडला. पुण्यात येऊन राहिलेलं माणूस पोचलेलं असतं. आमच्याकडे येऊन राहिलेलं माणूस अजून वाटेत असतं.

वकीलसाहेब तिथेच होते. विचारल्यावर त्यांनी खाली बघत सांगितलं, की अर्ध्या वाटेत जाऊबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमी असे मागून चालून राहिले, जसं वासरू घरी नेता. व्हा पुढं, मी येऊनच राहिली." कोर्टात तासतासभर वाद घालणाऱ्या माणसाने तिथे लगेच माघार घेतली. ते पुढे निघून आले.

म्हणजे ज्या बाईला शेवटची ठरायची भीती होती, ती एकटी, शेवटची, रिकाम्या मैदानावर पोचणार होती. माझ्या यादीच्या कृपेने.

फलक बांधायला वेळ नव्हता. एक टोक वकीलसाहेबांनी धरलं, दुसरं पुण्याच्या बाईंनी. मी गाड्यावरून जमतील तेवढ्यांना ओढून आणलं. लोक प्लेटा घेऊनच धावत आले, आणि त्या दिवशीचा त्यांचा सगळ्यात वेगवान धाव तीच असावी. तेवढ्यात जाऊबाई फाटकातून आत आल्या. चेहरा लाल, पायात दिरांचे कॅनव्हासचे बूट, चाल संथ आणि एकसारखी. रेषेच्या दोन पावलं अलीकडे थांबल्या आणि त्यांनी फलकाकडे पाहिलं. आम्ही तो उलटा धरला होता.

"काहून? गुंडाळून टाकलं होतं न?"

वाऱ्याने पडला, असं सांगायचं मी ठरवलं होतं. त्याआधीच पुण्याच्या बाई बोलल्या. "चूक माझी आहे, ताई." आणि त्यांनी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, राहिल्या-बिहिल्यासकट.

जाऊबाईंनी यादी मागितली. आपलं नाव शोधलं, पुढची टिक पाहिली.

"म्हणजे मी यायच्या आंधीच आली."

प्लेट धरलेल्यांपैकी कोणाला तरी हसू आवरलं नाही. अट मला पाठ होती. जाऊबाईंनी मान वळवून त्या बाजूला पाहिलं आणि मग त्याच हसायला लागल्या. कंबरेवर हात ठेवून, दम लागेपर्यंत. हसतहसतच त्यांनी ती दोन पावलं टाकली.

नंतर त्यांनी पुण्याच्या बाईंना शेजारी बसवून घेतलं आणि शिकवणी सुरू केली. जाऊन राहिली, पाहून राहिली. "आता तू काय करून राहिली, सांग."

"मी गिलावडा खाऊन राहिली."

"नाही, अजून एक राहिली," म्हणून जाऊबाईंनी दुसरी प्लेट त्यांच्यापुढे सरकवली. बाकीच्या बायकाही मग जवळ सरकल्या. एकीचं माहेर अकोल्याचं निघालं. कोणत्या गल्लीत, कोणत्या शाळेत, असं सुरू झालं आणि मला दोनदा येऊन उशीर होतोय म्हणून सांगावं लागलं.

घरी जाताना त्या स्कूटरवर माझ्या मागे बसल्या होत्या. राजापेठेच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा मागून आवाज आला. "त्या वकिलाले सांगजो, मागून चालायचं तं बोलत चाला म्हणा. मुक्यानं नोको. आन टिक मी आल्यावरच मारजो."

पुढच्या शनिवारी अकोल्याला जायचं ठरलं होतं. ते त्यांनी सोमवारवर ढकललं.