गव्हाणला, एका जुन्या हळदीच्या गाण्यामागे

वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं, की टीव्ही घरोघर येण्याआधी परदेशात हॉटेलांत नाणं टाकून गाणं बघायची पेटी असे. वाटलं, आपल्याकडे गाण्यांचे व्हिडिओ काढणाऱ्यालाही भेटावं. खरं कारण वेगळं. लग्नाआधी गव्हाणच्या एका हळदीच्या गाण्यात आपण नाचलोय, असं आमचे हे सांगायचे. ती सीडी कधी मिळाली नाही. मुलगी दोन वर्षांची असताना हे गेले. तेव्हा आमच्याकडे कॅमेऱ्याचा मोबाईल नव्हता. घरात फोटो आहेत, पण हलणारे, बोलणारे हे कुठेच नाहीत.

पनवेल स्टँडवरून उरणकडची एसटी धरा, गव्हाण फाट्याला उतरा. फाट्यावर वडापाव खा, मग रिक्षा. सकाळी निघालात तर संध्याकाळच्या आत घरी.

त्या गाण्याचे शूटिंगवाले दत्तूकाका आता सत्तरीचे.

"नाचनारे भाड्यानं आनायला पैसं कुटं व्हतं, ताय? खऱ्या हलदीतच कॅमेरा घुसवला. नवरदेव हलद लावून बसलेला, आनि आमी म्हनतो, थांब, अजून एक टेक!"

एक कॅमेरा, एक कर्णा आणि सगळं गाव कलाकार! त्या पेटीवाल्यांना हे सुचलं नसतं.

काकांकडे ती सीडी निघाली. दोनदा पाहिली. हे नव्हते. मी फोटो पुढे केला.

"ह्यो? सारका कॅमेऱ्यात बगायचा. कापला त्याला!"

मी फोटो परत पिशवीत ठेवू लागले, तसे काका सावरले. "पन टेप पुसली नाय, ताय. गान्यापुरतं घेतलं, टेप नवरदेवाच्या घरी दिली. त्यांच्या लग्नाची ना ती."

नवरदेवाचं घर दोन गल्ल्या पुढे. तो आता पिकल्या केसांचा. बायको म्हणाली, "वैनी, आमच्या कॅशेटमदी लगीन कमी, नाचच जास्ती हाय!" त्यांनी टेप पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवली होती. टीव्हीवर लावली.

मांडवात हे. किडकिडीत, सगळ्यांच्या एक पाऊल मागे, नजर सरळ आमच्याकडे. टेपमध्ये कॅमेऱ्यामागून काका ओरडले, "ए, इकरं नको बगू रं!" हे हसले, "बरं, बरं" म्हणाले, आणि पुन्हा बघितलं.

मी पदर तोंडाला लावला. चहा आला.

तो तुकडा मोबाईलवर घेऊन घरी आले. मुलीला लगेच पाठवला नाही. दोन दिवस एकटीच बघत होते. ज्यांना मी अजून भेटले नव्हते, ते हे. मग पाठवला. लगेच फोन.

"आई, बाबा किती बारीक होते गं!"

"हो ना. माझ्या हातचं जेवण अजून सुरू व्हायचं होतं."