ओंजळ म्हणा बरं!

आमच्या घरात भाचीच्या नावाचे किस्से श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे साठत गेलेत. टाकवत नाहीत, आणि पाहुणे आले की एक तरी बाहेर निघतोच.

चूक कोणाची म्हणाल, तर माझी. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या मी! शेवटपर्यंत कोणाला पत्ता लागू दिला नाही. पाळण्यात वाकले, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हटलं, "ओंजळ." वहिनीचे डोळेच भरून आले. भाऊ मात्र हळूच म्हणाला, "ताई, आपण गाझियाबादला राहतो. इथले लोक ळ आणणार कुठून?"

"शिकतील!" मी म्हटलं.

*

पेढे घेऊन ऑफिसला गेले. केंद्र सरकारचं ऑफिस, लंच टाइम, म्हणजे सगळ्यांना वेळच वेळ. मी सांगितलं, जीभ मागे वळवा आणि टाळूला लावून सोडा. अख्खं सेक्शन तोंडं वाकडी करून सरावाला लागलं. तेवढ्यात डायरेक्टर साहेब आत आले, सगळ्यांकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "मॅडम, पेड़े में कुछ था क्या?"

*

मग लसीकरण. क्लिनिकमधली बाई ओरडली, "एंजल!" वहिनी ढिम्म बसून. तीन आया मात्र आपापल्या एंजल घेऊन उठल्या. गाझियाबादेत एंजलचं पीक किती आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. आमची एंजल कोणती हे ठरेपर्यंत डॉक्टर जेवायला निघून गेले.

*

इथवर हसणं चाललं होतं. पण ओंजळ नववीत गेली आणि एक दिवस माझ्यासमोर येऊन बसली.

"आत्या, मला अंजली व्हायचंय."

"का गं?"

"यार, रोज हजेरीला सगळा वर्ग हसतो. सोमवारी बोर्डाचं रजिस्ट्रेशन आहे. एकदा नाव गेलं की गेलं. आईबाबा म्हणाले, आत्याने ठेवलंय, आत्याला विचार."

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. पण नाव माझं नाही, तिचं. रोज ऐकून घ्यायला मी थोडीच जात होते? मी म्हटलं, "चालेल." रात्रभर वाईट वाटत राहिलं, ते मात्र तिला सांगितलं नाही.

*

दुसऱ्याच दिवशी शाळेतून तिचा फोन. पीटीला नवे सर आलेत, हरियाणातल्या रोहतकचे. कबड्डीच्या मैदानावर त्यांनी हाक मारली, "ओंजळ, रेड पे जा!" अगदी आपल्यासारखा ळ! ही बघतच राहिली. सर म्हणाले, "के होया? म्हारे तो काळा, पीळा, सब इसी से बोलते हैं."

मला वाटलं, झालं काम. कसलं काय!

"एकटेच ना ते, आत्या. सोमवारी अंजलीच."

*

आणि रविवारी शेजारच्या गुप्ता आंटींकडे नातीचं नामकरण होतं. आंटी म्हणजे जन्मापासून हिला "एंजल बेटा" म्हणणाऱ्या. त्यांच्या रोहितला सख्खी बहीण नाही. लहानपणापासून राखी बांधते ती आमची ओंजळ, म्हणजे बाळाची बुआ हीच! बाळाच्या कानात नाव सांगायचं तेही हिनेच. नाव आईवडिलांनी ठरवलेलं, पण बाहेर फोडलेलं नव्हतं.

सून पूजा हरियाणाची. तिने बाळ हिच्या मांडीवर दिलं आणि कानाशी काहीतरी पुटपुटली. आमच्या पोरीने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग बाळाच्या कानाला लागून हळूच बोलली.

"क्या नाम रखा, बुआ?" सगळे विचारायला लागले.

"ओंजळ," ती म्हणाली. चेहरा लालबुंद.

"वाह! एंजल!" गुप्ता आंटींनी लाडूचं ताट उचललं.

"आंटी, रुकिए." हिने बाळ सांभाळत एका हाताने ते ताट स्वतःकडे ओढून घेतलं. "एंजल नहीं. जीभ पीछे ले जाइए. हाँ, और पीछे. अब बोलिए."

"ओंजल."

"फिर से. जब तक सबको नहीं आता, लड्डू नहीं मिलेगा."

सगळा हॉल जिभा वळवू लागला. रोहित, त्याचे मामा, पंडितजीसुद्धा. वहिनी हळूच तिच्याजवळ सरकली आणि कानात म्हणाली, "अगं, उद्या शाळेत अंजली द्यायचं ना?"

"श्श, आई," ओंजळ म्हणाली, "आंटींचं जमत आलंय."