वाक्य पुरं होऊ द्या

मीनाक्षीताईंची आणि माझी पहिली भेट रायपूरच्या सदर बाजारातल्या एका स्पीकरच्या दुकानात झाली. बाहेर स्कूटरींच्या हॉर्नचा नुसता गदारोळ, आणि दुकानात एक बाई डोळे मिटून एकेक स्पीकर कानाशी धरून उभ्या. दुकानदार प्रत्येकाचा आवाज चढवून दाखवत होता आणि बाई तो पुन्हा उतरवत होत्या. मला उशीर होत होता. मी जरा फणकाऱ्यानेच हिंदीत विचारलं, की दीदी, तुम्हाला नेमकं बघायचंय तरी काय? त्याआधी माझं आईशी फोनवर मराठीत चाललेलं बोलणं त्यांच्या कानावर पडलं असावं. डोळे न उघडताच त्या मराठीत म्हणाल्या, "आवाज कमी केल्यावर हा कसा वाजते ते पाहून राहिली. मोठ्यानं तर कोणीबी बोलते."

त्या दिवशी माझा उशीर झाला तो झालाच, पण ताईंच्या मागे मी त्यांच्या घरी चहाला गेले आणि आजतागायत जातेच आहे. ताईंच्या साठीनिमित्त नेमलेल्या गौरव समितीने मला त्यांच्या 'कार्या'विषयी लिहायला सांगितलं आहे. हा शब्द वाचून ताई नक्की हसणार. त्यांनी रेल्वेच्या दूरसंचार विभागात उभी नोकरी काढली आणि सुटीच्या दिवशी एका ॲपचं काम हौसेने केलं. हे ॲप लोकांनी हौसेने वाचून ध्वनिमुद्रित केलेल्या गोष्टी ऐकवतं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही उघडून पाहता येतो, सुधारता येतो, आणि त्यासाठी कोणी कोणाला दमडी देत नाही. जगात कुठे कुठे बसलेली मंडळी तो सांभाळतात. त्यातल्या एक आमच्या रायपूरच्या मीनाक्षीताई.

वापरणाऱ्यांनी आपल्या मागण्या लिहाव्यात म्हणून त्या प्रकल्पाचं एक पान आहे. एकदा तिथे रायपूरजवळच्याच उरला या कारखान्यांच्या वस्तीतून शालिनी नावाच्या बाईंनी अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत लिहिलं, की गोष्ट बंद होते तेव्हा माझा नवरा दचकून उठतो, काहीतरी करा. प्रकल्पाच्या प्रमुखांनी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं, झोपेचा टायमर ॲपमध्ये आधीपासूनच आहे असं उत्तर दिलं आणि मागणी बंद करून टाकली. मीही तेच केलं असतं. ठरलेल्या वेळी आवाज बंद करणारा टायमर होताच की! मी ताईंना तसं म्हटलंही. त्या चपलेत पाय घालत म्हणाल्या, "काहून घाई करून राहिली? पयले त्याच्या बाजूले बसून तर पाहू."

हीच ताईंची रीत. मागणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय त्यांनी कधी कोडची एक ओळ लिहिली नाही.

शालिनीबाईंचे यजमान किशोरभाऊ उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करतात. लालभडक सळ्या समोरून सरपटत जातात, त्यांच्याजवळ उभं राहायचं काम. आम्ही गेलो तेव्हा ते नुकते जेवून आडवे झाले होते. खिडकीला जुनी चादर लावलेली होती, तिच्यातून पिवळसर उजेड झिरपत होता. बाहेर ट्रक जात होते, आणि उशाशी फोनमधून कोणीतरी संथपणे एक लांबलचक कादंबरी वाचत होतं. शालिनीबाईंनी आम्हाला दाराशी बसवून हळूच सांगितलं, की दिवसा यांना झोप नाही, म्हणून पाळीवर डुलकी लागते. एकदा मशीनजवळच लागली. हात थोडक्यात वाचला, आणि पुन्हा असं दिसलं तर गेटबाहेर काढीन असं ठेकेदाराने सांगून ठेवलंय. सांगताना त्यांचा आवाज अगदी शांत होता, पण हाताने पदराचं टोक पिळणं चाललं होतं.

आम्ही बसून राहिलो. त्या खोलीत एक गुंगी होती. वाचणारा कुठल्यातरी नदीकाठी पोचला होता, किशोरभाऊंचा श्वास लांब होत चालला होता, आणि खरं सांगते, माझेही डोळे मिटायला लागले. तेवढ्यात टायमरची वेळ झाली. वाचणाऱ्याचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. किशोरभाऊ ताडकन उठून बसले.

ताईंनी त्यांना विचारलं, की आवाज थांबून शांतता होते म्हणून उठता का? ते म्हणाले, "नाही ताई. माणूस काहीतरी सांगून राहिला असते अन् अर्ध्यातच जाते. मंग मी त्याचीच वाट पाहत राहतो. त्याले वाक्य तर पुरं करू द्या." शिवाय दुसऱ्या दिवशी गोष्ट भलतीकडूनच सुरू होते, ती जिथे थांबली त्याच्या थोडी मागून लागावी, एवढंच त्यांचं मागणं. ताई म्हणाल्या, "हव."

घरी आल्यावर ताईंनी काय करायचं ते सारं सांगितलं. वेळ संपली तरी आवाज तोडायचा नाही. वाचणारा वाक्य संपवून श्वास घेतो, ती जागा शोधायची. तिथवर आवाज हळूहळू उतरवत न्यायचा आणि तिथेच विझू द्यायचा. ऐकायला किती सोपं! पण कुणी धापा टाकत वाचतं, कुणी वाक्याच्या मध्येच आवंढा गिळतं. वाचणाऱ्यांचे श्वास ऐकण्यात ताईंच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. प्रमुखांचा विरोध होता तो वेगळाच. एका माणसाच्या झोपेसाठी एवढी गुंतागुंत कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी चिडून लांबलचक उत्तर लिहायला घेतलं होतं. ताईंनी ते पुसायला लावलं आणि आधी चाचणी करू म्हणाल्या.

त्या चाचणीची गोष्ट आमच्या मंडळींत अजून निघते. त्यांच्याकडे नेहमी जाणाऱ्या आम्हा चौघांना ताईंनी रविवारी जेवायला बोलावलं. वरण-भात, भरली वांगी, जवसाची चटणी. मग सतरंजी अंथरली, कूलर लावला, सगळ्यांनी आपापल्या फोनवर गोष्ट लावून आडवं व्हायचं आणि आवाज नेमका कुठे थांबतो ते सांगायचं असं ठरलं. आता आमच्यासारखी मूळची विदर्भातली माणसं असं जेवून कूलरपुढे आडवी झाली की काय होणार? मला नदीकाठ आठवतो, एक होडी आठवते, आणि त्यापुढे दूधवाल्याची घंटा. सगळे झोपले होते. ताईसुद्धा.

ताईंनी उठून, तोंडावर पाणी मारून, प्रमुखांना जसं घडलं तसं कळवलं: 'चाचणी घेणारे सगळेच झोपले, त्यामुळे आवाज कुठे थांबला हे सांगता येत नाही. क्षमस्व.' माझ्या चिडक्या युक्तिवादाने जे झालं नसतं ते या दोन वाक्यांनी केलं. प्रमुखांनी हसून उत्तर दिलं, की मग कोड पाहायलाच हवा. पुढच्या रविवारी ताईंनी आमच्याकडून सगळी चाचणी उभ्याने करून घेतली. ते फीचर ॲपमध्ये आलं तेव्हा सोबतच्या टिपणात ताईंनी शालिनीबाईंचं नाव पहिलं लिहिलं होतं. मागितलं त्यांनी, आपण तर फक्त टाइप केलं, असं त्यांचं म्हणणं.

माझ्यावरचा त्यांचा लोभही असाच, आवाज न करणारा. समता कॉलोनीतलं आमचं छोटंसं ऑफिस बंद पडलं आणि माझी नोकरी गेली, तेव्हा मी कुणाला काही बोलले नव्हते. ताईंना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी विचारपूस केली नाही, धीर दिला नाही. फक्त म्हणाल्या, की माझे डोळे दुखतात, रोज सकाळी येऊन मला कोड वाचून दाखवत जा. मला दुसरी नोकरी लागेपर्यंत मी रोज सकाळी आंघोळ करून, नीट कपडे घालून त्यांच्याकडे जात होते. मला नोकरी लागल्याच्या दिवशी त्यांचे डोळे बरे झाले! लबाड आहेत ताई. पण ते रोज सकाळी जाणं नसतं तर मी अंथरुणातून उठले नसते, हे मला आज इथे लिहायचंच होतं.

गेल्या महिन्यात किशोरभाऊ शालिनीबाईंसह ताईंकडे आले होते. हात धड, नोकरी शाबूत, चेहऱ्यावर झोप झालेल्या माणसाचं तेज. चहा पिता पिता त्यांनी लाजत विचारलं, की ती कादंबरी अजून नदीकाठच्या पुढे फारशी गेलेली नाही, रोज थोडी मागून लागते आणि तिथवर आली की डोळा लागतो, तर शेवटी काय होतं? मी सांगणारच होते. ताईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. म्हणाल्या, "मले मालूम आहे. पण सांगणार नाही. तुमचं चालू राहू द्या."

ताई, साठीच्या उंबरठ्यावर तुमच्यासाठी आमचं मागणंही तेच आहे. तब्येत ठणठणीत राहो, दुपारची झोप गाढ लागो, आणि तुमची गोष्ट रोज थोडी मागून पुन्हा सुरू होवो. तिचा शेवट ऐकायची आम्हाला कुणालाच घाई नाही.