श्लेष्मबुरशीचा कौल आणि परसातली घूस

मेंदू नसलेल्या जीवाचा निर्णय चुकला, असे म्हणता येते काय? प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही. बोरगाव मेघे येथील निवृत्त जीवशास्त्र शिक्षक बंडोपंत यांना मात्र ते तोंडपाठ होते : मेंदू नाही, म्हणून चूकही नाही.

मोरीचे पाणी मागच्या नालीपर्यंत न्यायला पाईप टाकायचा होता. सरळ वाटेत त्यांच्या पत्नी मीराताईंचे सीताफळ उभे होते. रोहण्याच्या माहेराहून आणलेल्या बीचे. पाईप सरळ गेला की झाड जाणार. परसातल्या घुशीने मात्र झाडाला वळसा घालून नालीपर्यंत बीळ केव्हाच पाडले होते. पाईप त्याच वाटेने न्या, असे मीराताई म्हणाल्या आणि बंडोपंतांना ते फार लागले. घुशीला मेंदू असतो, आणि मेंदू आला की भीती आली, खोडी आली. कौल श्लेष्मबुरशीचाच घ्यायचा, ती मेंदूवाचून अन्नापर्यंतची जवळची वाट शोधते, असे त्यांनी जाहीर केले.

लाकडांच्या ढिगाखालून त्यांनी तो पिवळा, बुळबुळीत जीव आणला. परातीत ओला टीपकागद अंथरून एका टोकाला बुरशी सोडली, ती मोरी. दुसऱ्या टोकाला तिचे खाणे म्हणून ओट्स ठेवले, ती नाली.

“यात झाड कुठं आहे?” मीराताईंनी विचारले.

“तिला झाडाशी काय देणंघेणं?”

“झाड धरायचंच नव्हतं, तर माझी परात कशाला खराब केली?”

 आकृतीत अडथळा न दाखवणाऱ्या मुलांचे गुण बंडोपंतांनी जन्मभर कापले होते. मीराताईंनी झाडाच्या जागी चिमूटभर मीठ ठेवले. बुरशीला मीठ सोसत नाही, हे ठाऊक असूनही बंडोपंतांना हरकत घेता येईना. बुरशीला अंधार लागतो, म्हणून परात कपाटात, स्वेटरांमागे गेली.

ती बाहेर काढली तेव्हा शेजारच्या देवकाबाई विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी परातीत डोकावून पाहिले, मग परसात.

“भाऊजी, तुमचा हा पिवळा शेंबूड तं घुशीच्याच रस्त्यानं चालून राह्यला.”

वाट एक असली तरी घुशीची भीतीपोटी आहे आणि बुरशीची तत्त्वापोटी, हे बंडोपंत दुपारभर समजावत राहिले. तेही पटेना, तेव्हा घुशीनेच नक्कल केली असे म्हणाले. बीळ गेल्या वर्षीचे होते. पण कौल मानणे भाग होते. पाईप वळसा घालून गेला. घुशीचे नाव प्लंबरपुढे काढायचे नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली.

२०२३ साली घरासमोर नवी नाली झाली आणि मोरीचे पाणी तिकडे वळले. तेव्हापासून तो पाईप कोरडा असून त्यात घूस राहते.