दोन मिनिटांचा सत्कार

कलमावरून आंबे काढताना माझा शेजारी पडला आणि त्याच्या कण्याला मार बसला. तो इस्पितळातून घरी आल्यावर वाडीने त्याच्या अंगणात कमरेइतक्या उंचीवर दोन बांबू बांधले आणि देवळातल्या पूजेसारख्या घरटी पाळ्या लावल्या. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी शिकवलेला व्यायाम करताना रोज एकाने जवळ थांबायचं. माझा गुरुवार.

"मास्तर, धरू नका हां," तो दरडावायचा. "पडलो तर मग धरा." आणि दोन पावलांच्या मधे मी कलमांना घातलेल्या खतावरून मलाच झापायचा.

वर्षभराने तो आधाराशिवाय उभा राहू लागला, फार तर दोन मिनिटं. वाडीने लगेच त्याच्याच अंगणात सत्कार ठरवला. रत्नागिरीहून आलेल्या पुढाऱ्यांनी माइक घेतला आणि स्वतःच्या बालपणापासून सुरुवात केली. तो बांबू धरून खुर्चीतून उठला, मग बांबू सोडून उभा राहिला.

"अहो, बसा, बसा!" पुढारी म्हणाले.

"शाल उभ्यानंच घेणार, साहेब. दोन मिनिटं टिकतो. पुढचं तुम्ही बघा."

बालपण तिथेच आवरलं. शाल खांद्यावर आली तेव्हा त्याचे गुडघे लटपटत होते. गुरुवार असल्याने खुर्ची घेऊन मी मागे उभा होतो. धरलं मात्र नाही.