मधली ताई

जाहिरात कंपनीत सगळे तिला ताई म्हणत. आईला वाटे, पोरगी हिशेब लिहिते. अकाउंट एक्झिक्युटिव्ह म्हणजे आणखी काय असणार? खरं तर ताईचं काम निरोप पोचवण्याचं, तेही बदलून. बिस्किटं बनवणारा क्लायंट फोनवर ओरडे, "हे काय शेण पाठवलंय?" ताई चित्रकाराला सांगे, "साहेबांना आवडलंय, फक्त रंग जरा उजळ हवाय." चित्रकार फणकारे, "त्या माठाला काय कळतंय!" ताई क्लायंटला सांगे, "तुमची सूचना त्याला एकदम पटली." दोघं कधी भेटलेच नव्हते, म्हणून दोघंही खूश होते. फोन वाजला की धस्स व्हायचं ते फक्त ताईला.

आज क्लायंट न कळवता ऑफिसात उगवला. "चित्रकाराशी एकदा समोरासमोर बोलू द्या. तुम्ही बाहेरच थांबा."

मीटिंग रूमच्या काचेबाहेर ताई उभी राहिली. आत आधी हातवारे झाले, आणि मग दोघं चक्क खो खो हसले. तिचा जीव भांड्यात पडतोय तोच दोघांनी एकदम मान वळवून काचेतून तिच्याकडे पाहिलं.

आता कुणीच हसत नव्हतं.