पलंगाची चौकट

माझ्या मावशीला सगळी गल्ली 'गरीब गाय' म्हणते. म्हणणाऱ्यांनी तिला हातात करवत घेतलेली पाहिलेली नाही. मी पाहिली आहे.

मावशी गोधड्या शिवते, हाताने. त्यासाठी तिच्याकडे काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वतः बनवलेली लाकडी चौकट होती. दोन लांब दांडे, टोकांना दोन आखूड पट्ट्या आणि खाली टेकायला दोन घोडे. दांड्यांवर जाड कापडाची पट्टी बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, ठोकलेली. गोधडी त्या पट्टीला टाचायची, ताणून बसवायची आणि शिवून झालेला भाग दांड्यावर गुंडाळत पुढे सरकायचं. कापड ताठ राहिलं की टाका सरळ पडतो. काका गेले तेव्हा मावशीने त्यांचे सगळे शर्ट उसवले आणि त्याच चौकटीवर त्यांची गोधडी शिवायला घेतली. अर्धी झाली असेल नसेल, तेवढ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी तिला जावं लागलं. खोलीची किल्ली तिने खालच्या मजल्यावर, थोरल्या जावेकडे ठेवली. दुसरं कोण होतं?

परत आली तर खोलीत चौकट नाही. मी तिला सोडायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यादेखत झालं. आम्ही खाली गेलो. जावेच्या बैठकीत नवे पडदे लागले होते आणि पडद्याच्या दांड्यावर चुकांच्या भोकांची ओळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मावशी वर बघतच राहिली.

"ताई, माझी चौकट?"

"अगं, पडून होती. म्हटलं, कामी येईल. दांडा बघ कसा फिट्ट बसलाय!"

"आणि तिच्यावरचं कापड?"

जावेने हनुवटीने कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. काकांचे शर्ट चौपदरी घडी होऊन इस्त्रीखाली अंथरले होते. निळ्या चौकड्याच्या शर्टावर, खिशाच्या अगदी शेजारी, इस्त्रीचा तपकिरी डाग पडला होता. तळव्याएवढा.

माझं डोकंच फिरलं. मावशी मात्र पुढे झाली, इस्त्री उचलून बाजूला ठेवली, गोधडी काढून काखेत मारली आणि म्हणाली, "ताई, हे माझं आहे." बास. जाव मागून म्हणालीसुद्धा, "आता मी इस्त्री कशावर करू?"

जिन्यात मी म्हटलं, "मी जाऊन चांगली खरडपट्टी काढते तिची."

"नको. तिला भांडायला आवडतं," मावशी म्हणाली. "तिला आवडेल असं मी काही करणार नाही."

वर मावशीच्या गॅलरीत एक सागवानी पलंग सुटा करून भिंतीला टेकवलेला होता. जावेचाच. तिचा नवा पलंग आला तेव्हा जुना तिने इकडे आणून टाकला. 'तुला एकटीला काय, जागाच जागा,' असं वर म्हणाली होती. काकांना जाऊन तेव्हा धड वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून कपडे वाळत घालताना मावशीच्या पायाचं बोट त्यावर आपटायचं. पलंगाच्या दोन लांब बाजू सरळसोट होत्या, टोकाला कोरलेलं एकेक फूल. मावशीने त्यांवरून हात फिरवला, अगदी सावकाश, आणि मला काकांची हत्यारांची पेटी काढायला सांगितली.

करवत चालवायची तिला मुळीच सवय नव्हती. पहिला काप असा तिरका गेला की आम्ही दोघी खो खो हसलो. मग तिने रेघ मारून, गुडघ्याने लाकूड दाबून धरून, दात-ओठ खात कापायला सुरुवात केली. पलंगाच्या पायांचे घोडे झाले, फळ्यांच्या आखूड पट्ट्या. भोकं पाडायला गिरमिट हवं होतं, ते मागायला मी कोपऱ्यावरच्या सुतारमामांकडे गेले, तर ते स्वतःच बघायला आले. टोकाचं फूल बघून म्हणाले, "हे लाकूड मी पाहिलेलंच नाही. आणि मी आलोच नव्हतो." तरी जाताना शिकवून गेले: बोल्ट आवळण्याआधी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना तीच लावायची. कमी-जास्त भरली तर चौकट वाकडी.

फुलं मात्र मावशीने कापली नाहीत. दांडे लांब झाले, खोलीत चालताना आडवे यायला लागले, तरी नाही. तेव्हा मला कळलं की तिला लाकूड नको होतं, तिला तो पलंग हवा होता.

गोधडी पुन्हा ताणून बसवली. मी म्हटलं, "डागावर एखादा तुकडा लावू या ना."

"नको. झाकलं की विसरायला होतं."

जाव एकदा गच्चीवर वाळत घातलेली चादर घ्यायला वर आली आणि मावशीच्या दारातच थबकली. तिची नजर त्या फुलावर गेली.

"हा माझा पलंग..."

"पडून होता, ताई. म्हटलं, कामी येईल."

"अगं, माझ्या आईचा पलंग तो! आई त्याच्यावर गेली माझी!"

"माहीत आहे," मावशी म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. एका फटक्यात ओवला.

जाव तिथेच उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू? बाई पहिल्यांदाच पाय न आपटता रडत होती आणि ते बघायला मी समोर होते.

रडून झाल्यावर ती उठली आणि दांड्यावरच्या फुलाला हात लावायला पुढे आली. मावशीने तिच्यापुढे सुई धरली.

"हात लावायचा तर टाके घालायचे. कापड माझ्या नवऱ्याचं आहे, जपून."

मला वाटलं, ही आता सुई फेकून मारते. पण ती बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आता रोज दुपारी जेवण आवरलं की वर येते, फुलाच्या टोकाला बसते, डावा हात लाकडावर ठेवते आणि उजव्याने वेडेवाकडे टाके घालते. दोघी एक शब्द बोलत नाहीत. गल्लीत मात्र बोलबाला झालाय, जावा-जावा बघा कशा एक झाल्या, गरीब गाईने शेवटी जिंकलं तिला.

जिंकलं खरं. जाव जिना उतरून गेली की मावशी कात्री घेते आणि तिने घातलेला एकेक टाका उसवते. दोऱ्याचा कण राहू देत नाही. दुसऱ्या दिवशी जाव येते, रिकाम्या कापडाकडे बघते, मग फुलाकडे बघते, आणि पुन्हा सुई मागते.